आठ इंची डॉब आणि साडेसहा हजारांची काच : ठाण्याच्या गच्चीवरचे दोन हिवाळे

आधी निकाल सांगते, मग बाकीचं रामायण. दुर्बीण चांगली आहे. तिच्यासोबत आलेली दहा मिलिमीटरची आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगाची नळी, टाकाऊ आहे. स्टँडचा बोर्ड बनवणाऱ्याने ठाण्याचा जुलै कधी पाहिलेला नाही. आणि 'एवढ्याशा काचेला साडेसहा हजार?' म्हणत जीव मुठीत धरून घेतलेला सव्वा इंची ओ-थ्री फिल्टर, म्हणजे ऑक्सिजनचा हिरवा उजेड तेवढा आत सोडणारी काच, सगळ्यात जास्त वसूल झाला. तुमचा हेतू शनीची कडी आणि चंद्राचे खड्डे एवढाच असेल, तर पुढचं वाचायची गरज नाही. कुठलीही बरी दुर्बीण घ्या. मी लिहितेय ते ग्रहीय तेजोमेघांसाठी, म्हणजे मरणाऱ्या ताऱ्यांनी सोडलेल्या वायूच्या फुग्यांसाठी. ठाण्यासारख्या उजेडाने बरबटलेल्या आभाळातून मनासारखं दिसतं ते तेवढंच, असं दोन हिवाळ्यांनंतर माझं मत झालं आहे.

माझं वागळे इस्टेटमध्ये स्प्रे पेंटिंगचं छोटं युनिट आहे. बाबांनी सुरू केलं, आता मी बघते. इलेक्ट्रिकल पॅनेलचे डबे, मशीनची कव्हरं, हॉस्पिटलच्या खाटा, जे येईल ते. सगळं जॉबवर्क. हे सांगायचं कारण पुढे येईल. राहते वर्तकनगरला, सात मजली इमारतीत. गच्चीवरून पश्चिमेला येऊरचा डोंगर, म्हणजे त्या बाजूला थोडा अंधार. पूर्वेला कळव्यापासून पार ऐरोलीपर्यंत आभाळ दुधात हळद घातल्यासारखं. दक्षिणेला समोरच्या टॉवरचा फ्लडलाइट. तो कुणासाठी लावलाय हे त्या टॉवरवाल्यांनाही माहीत नसावं.

डॉब्सोनियन, बोलीभाषेत डॉब, ही तशी अडाणी वस्तू. तळाशी आरसा असलेली लांब नळी आणि ती ठेवायला जुन्या तोफेच्या गाड्यासारखा लाकडी खोका. मोटर नाही, कॉम्प्युटर नाही, हाताने ढकलायची. ज्या जॉन डॉब्सनच्या नावाने ती ओळखली जाते, तो सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात १९४४ ते १९६७ रामकृष्ण परंपरेतला साधू होता. जुन्या जाड काचा घासून आरसे करायचा आणि रस्त्यात उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला चंद्र दाखवायचा. त्यापायी शेवटी त्याला मठ सोडावा लागला. विकणाऱ्यांच्या पानावर यातलं काही नसतं, 'मुलांच्या प्रोजेक्टसाठी उपयुक्त' एवढंच असतं.

माझ्या नळीचा आरसा आठ इंची, नाभीय अंतर १२०० मिलिमीटर. पंचवीसच्या आयपीसने ४८ पट, दहाच्या आयपीसने १२० पट. पन्नास हजारांच्या आतबाहेर पडली. खोकी दोन आली, दुसरं उचलताना वॉचमनची कंबर धरली. फाइंडर, म्हणजे नेम धरायची छोटी दुर्बीण, बसवायचा स्क्रू गायब होता. विकणाऱ्याला तीन मेल, दोन फोन, एक तिकीट नंबर. तिकीट म्हणे 'रिझॉल्व्ह्ड' झालं. स्क्रू काही आला नाही. वागळेत असल्या गोष्टीची चिंता नसते. शेजारच्या लेथवाल्याने पितळेचा स्क्रू दहा मिनिटांत करून दिला, चहावर. आता दुर्बिणीवर सगळ्यात दर्जेदार भाग तोच आहे.

आरसेही जुळलेले नव्हते. तारा टिंबासारखा दिसायच्या ऐवजी शेपटी फुटलेल्या स्वल्पविरामासारखा दिसायचा. डबीच्या झाकणाला मधोमध भोक पाडून, त्यातून बघत मागचे स्क्रू फिरवत दोन संध्याकाळी घालवल्या. जमतं. पहिल्यांदा घाम फुटतो, नंतर चष्मा पुसण्याइतकं सवयीचं होतं.

पहिली खरी रात्र दसऱ्यानंतरची. पाऊस गेला होता, हवा धुतलेली होती. आठच्या सुमारास अभिजित येऊरच्या वर, वायव्येला. त्याच्याजवळ स्वरमंडळाचे दोन तारे, आणि त्या दोघांच्या मधोमध म्हणावं अशा जागी एम ५७, म्हणजे कंकण तेजोमेघ. तारे सापडले, मधली जागा सापडली. आणि दिसलं काय? थंडीत काचेवर हलकेच हा केल्यावर जो डाग उठतो तो. शेजारच्या वहिनी लेकीला घेऊन वर आल्या होत्या. पोरीने डोळा लावला, थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मावशी, हे पुसायचं राहिलंय का?"

मी हसले, पण पन्नास हजार डोळ्यांसमोर आलेच.

फिल्टर त्यानंतर महिन्याभराने घेतला. तो काय करतो हे नीट सांगते, कारण दुकानदार 'तेजोमेघ चांगले दिसतात' एवढंच सांगतात. विल्यम हर्शेलने १७८० च्या दशकात या गोल, फिकट, ग्रहासारख्या चकत्यांना 'ग्रहीय' असं नाव दिलं. ग्रहांशी त्यांचा संबंध शून्य, पण नाव चिकटलं ते चिकटलं. पुढे २९ ऑगस्ट १८६४ ला लंडनच्या विल्यम हगिन्सने कालेय तारकासमूहातल्या अशाच एका चकतीचा उजेड लोलकातून पाहिला. ताऱ्याच्या उजेडासारखा सात रंगांचा पट्टा दिसेल अशी अपेक्षा होती. दिसल्या मोजक्या रेघा, त्यातही एक हिरवी ठळक. म्हणजे तिथे ताऱ्यांची गर्दी नव्हती, चमकता वायू होता. ती हिरवी रेघ पृथ्वीवरच्या कुठल्याच पदार्थाशी जुळेना म्हणून नेब्युलियम नावाचं नवं मूलद्रव्यही कल्पून झालं. १९२७ साली आयरा बोवेनने कोडं सोडवलं: तो आपला ऑक्सिजनच, फक्त दोन इलेक्ट्रॉन गमावलेला आणि इतका विरळ की अणू एकमेकांवर क्वचितच आदळतात. रेघा दोन, ४९५.९ आणि ५००.७ नॅनोमीटरला.

माझा फिल्टर एवढ्या दोन रेघांपुरतं दार उघडं ठेवतो, बाकीच्या उजेडाला बाहेर उभं करतो. अंधाराला सरावलेला आपला डोळा सर्वांत तीक्ष्ण असतो तो ५०७ नॅनोमीटरच्या आसपास. म्हणजे तेजोमेघ नेमका त्याच रंगात चमकतो जो रात्री डोळ्याला सगळ्यात चांगला दिसतो. आयता योग आहे, साडेसहा हजार त्याचेच.

करून बघायची एक गंमत आहे. फिल्टर आयपीसला स्क्रू न करता दोन बोटांत धरायचा आणि डोळ्यासमोर आत-बाहेर करायचा. आत घेतला की तारे विझल्यासारखे होतात, आभाळाचा मळकट उजेड खाली बसतो, पण तो डाग आहे तिथेच राहतो. उलट ठसठशीत होतो, कड धरतो, मधली पोकळी काळी दिसायला लागते. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी रात्री पावणेनऊला गच्चीवर एकटीच "अरे!" म्हणून ओरडले. वॉचमन खालून विचारतोय, काय झालं.

रस्त्यावर पिवळे सोडियमचे दिवे असतील तर फिल्टर त्यांचा उजेड जवळजवळ पूर्ण अडवतो, कारण तो मुख्यतः ५८९ च्या आसपास असतो. पांढऱ्या एलईडीचं तसं नाही. त्यात हिरवा-निळाही मिसळलेला असतो, त्यातला थोडा दारातून आत येतोच. आमच्या रस्त्याचे दिवे बदलले तसा हा फरक मला जाणवला. दीर्घिकांसाठी मात्र हा फिल्टर घेऊ नका. देवयानीतल्या दीर्घिकेचा उजेड ताऱ्यांचा, सगळ्या रंगांत पसरलेला. फिल्टरने तीही गेली आणि आभाळही गेलं.

आता माझ्या धंद्याची गोष्ट.

एम ५७ फिल्टरमधून रोज बघत होते, पण ते कंकण का, भरलेली चकती का नाही, हे कळत नव्हतं. तारा बाहेर वायू टाकतोय तर मध्ये दाट आणि कडेला विरळ असं असायला हवं. उत्तर माझ्याच शेडमध्ये मिळालं. नवीन आलेल्या पोराला मी एका डब्यावरची धूळ एअर गनने उडवायला सांगितली होती. शेजारी नुकताच इनॅमल मारलेला दरवाजा उभा होता, अजून ओला. पोराचा हात वळला, ट्रिगर दाबलेलाच. सेकंदभरात ओल्या रंगात ताटलीएवढा खड्डा पडला. मध्ये पत्रा उघडा, आणि भोवती रंगाची जाड कड, वेढ्यासारखी उभी राहिलेली. आमचे जुने पेंटर, ज्यांना अख्खी गल्ली मामा म्हणते, त्यांनी पोराला काय म्हटलं ते लिहीत नाही. मी मात्र त्या दरवाजाकडे बघत राहिले. तेच कंकण. तीच काळी पोकळी.

आधी जाड, संथ माल पसरलेला. मग त्यात मधून पातळ, जोरदार हवा घुसली. हवेचं वजन काहीच नाही, पण तिने वाटेतला सगळा माल झाडून कडेला नेला.

ताऱ्याचं नेमकं असंच होतं, हे १९७८ साली खगोलशास्त्रज्ञ सन क्वॉकने पर्टन आणि फिट्झगेराल्ड या दोघांसोबत मांडलं. सूर्यासारखा तारा म्हातारा झाला की फुगतो, लाल होतो आणि धापा टाकल्यासारखा आकुंचन-प्रसरण पावू लागतो. प्रत्येक धापेसरशी वरचा वायू थोडा दूर जातो, थंड होतो, त्यात धुळीचे कण धरतात. ताऱ्याचा उजेड त्या कणांना ढकलतो आणि कण वायूला ओढत नेतात. हा झाला संथ वारा, सेकंदाला दहा-वीस किलोमीटरचा. खगोलवाल्यांचं 'संथ' म्हणजे सेकंदात ठाण्याहून डोंबिवली, हे लक्षात ठेवा. पण माल प्रचंड. सूर्यासारखा तारा असं करत करत जवळजवळ अर्धं अंग झिजवतो. हे चालू असलेला तारा नुसत्या डोळ्यांनी बघायचा असेल तर तिमिंगल समूहातला मीरा बघा. सुमारे अकरा महिन्यांत तो एकदा उजळून पुन्हा दिसेनासा होतो. तीच धाप. मी दोन हिवाळे त्याची वही ठेवली आहे.

वरचं सगळं उडून गेलं की आतला गाभा उघडा पडतो. एम ५७ च्या मधल्या ताऱ्याचं तापमान आज सव्वा लाख अंशांच्या घरात आहे. अशा गाभ्यातून सुटणारा वारा वेगळ्याच जातीचा. माल नगण्य, वेग सेकंदाला हजार-दोन हजार किलोमीटर. कालेयमधल्या त्याच हगिन्सच्या तेजोमेघात, ज्याला मांजराचा डोळा म्हणतात, तो सुमारे चौदाशे आहे, म्हणजे राजधानी एक्सप्रेसचा मुंबई-दिल्ली सगळा रूळ एका सेकंदात. हा वारा जुन्या संथ वाऱ्याच्या पाठीत आदळतो. क्वॉकचा लेख आला तेव्हा असा वेगवान वारा आहे याचा धड पुरावाही नव्हता. त्याच वर्षी आययूई नावाचा अतिनील उपग्रह वर गेला आणि या मधल्या ताऱ्यांच्या वर्णपटात वाऱ्याच्या खुणा सापडू लागल्या. अंदाज आधी, पुरावा मागून. आमच्या धंद्यात शेड मॅच करताना याच्या उलट होतं.

दरवाजाचा दाखला एका जागी मोडतो, तेही सांगते. एअर गनची हवा रंगाला सरळ ढकलते. ताऱ्याचा वारा आदळून थांबला की त्याचा वेग उष्णतेत जातो, लाखो अंशांचा गरम फुगा तयार होतो आणि त्या फुग्याचं प्रेशर भोवतालचं कवच ढकलत राहतं. म्हणजे एअर गनपेक्षा कॉम्प्रेसरच्या टाकीसारखं. मांजराच्या डोळ्यात तो गरम फुगा चंद्रा दुर्बिणीने क्ष-किरणांत दाखवला, त्याचे निकाल २००१ साली आले. आणखी एक: आकार वारा देतो, पण चमक वाऱ्याची नाही. मधल्या ताऱ्याचे अतिनील किरण वायूला पेटवतात, ट्यूबलाइटसारखे.

त्या दरवाजावर मी अजून एक बघितलं. कड सरळ गोल नव्हती. तिला बाहेरच्या बाजूने बारीक बारीक बोटं फुटली होती, मध्ये रंगाचे गुठळे. पातळ माल जाड मालाला रेटायला लागला की सीमा टिकत नाही, ती तुटून बोटांसारखी होते. जेम्स वेब दुर्बिणीने ऑगस्ट २०२३ मध्ये एम ५७ चे फोटो दिले, त्यांत कंकणात सुमारे वीस हजार गाठी असल्याचं सांगितलं गेलं. आठ इंचांतून त्यातली एकही दिसत नाही, हे स्पष्ट सांगते. पण मला त्या कुठे असतील ते आता माहीत आहे.

मामांनी दरवाजा दुसऱ्या दिवशी घासून पुन्हा मारला. पार्टीला कळलं नाही.

दुसरा प्रश्न मात्र मामांनीच सोडवला. कुंभेत एनजीसी ७००९ नावाचा ग्रहीय तेजोमेघ आहे. हर्शेलला तो ७ सप्टेंबर १७८२ ला सापडला. पुढे लॉर्ड रॉसच्या मोठ्या दुर्बिणीतून त्याला दोन्ही बाजूंनी कान दिसले, म्हणून शनी तेजोमेघ. ऑक्टोबरच्या शेवटाला आठ वाजता तो दक्षिणेला बऱ्यापैकी वर असतो, टॉवरच्या फ्लडलाइटच्या वर, नशीब माझं. छोटा आहे पण तेजस्वी, आणि आठ इंचांतून रंग दिसणाऱ्या मोजक्या वस्तूंपैकी एक. तोतापुरी कैरीच्या सालीचा निळसर हिरवा म्हणा. शेड कार्डमध्ये तसा रंग नाही, मी शोधला. आकार लंबगोल. गोल नाही, लांबट.

गोल तारा, आणि फवारा लांबट? मी मामांना मोबाइलवर फोटो दाखवून विचारलं. त्यांनी चष्मा कपाळावर नेला, फोटो बघितला, आणि समोरची स्प्रे गन उचलून तिची एअर कॅप दाखवली. "ताई, नोझल गोल असलं तर फवारा गोलच पडणार. चपटा पाहिजे तर या दोन शिंगांतून हवा सोडावी लागते. ही शिंगं बंद करा, पडतो का बघा चपटा." आणि बाजूची नॉब बंद करून पुठ्ठ्यावर मारून दाखवलं. गोल ठिपका. नॉब उघडली, ठिपका लांबट पट्टा झाला. "बाजूनं कुणीतरी दाबल्याशिवाय नाही होत. तुमच्या त्या ताऱ्याच्या बाजूला कुणीतरी असणार."

मामा नववीपर्यंत शिकलेत. हाच वाद खगोलशास्त्रात कित्येक वर्षं चालला. ग्रहीय तेजोमेघांपैकी जेमतेम पाचवा हिस्सा गोल. बाकीचे लंबगोल, डमरूसारखे, फुलपाखरासारखे. १९८७ मध्ये ब्रूस बॅलिकने दाखवलं की आधीचा संथ वारा ताऱ्याच्या कमरेभोवती दाट असेल तर मागून येणाऱ्या वेगवान वाऱ्याला तिथून वाट मिळत नाही, तो दोन्ही ध्रुवांकडून फुटतो आणि डमरू होतो. पण कमरेभोवती पट्टा आला कुठून? २०२० साली बेल्जियमच्या लेव्हन विद्यापीठातल्या लीन डेसिन यांच्या गटाने चिलीतल्या अल्मा दुर्बिणीने डझनभराहून अधिक म्हाताऱ्या ताऱ्यांचे वारे तपासले. कुणाचाच वारा गोल नव्हता. चकत्या, मळसूत्रं, शंकू. त्यांचं स्पष्टीकरण: शेजारी जोडीदार तारा फिरतोय, किंवा एखादा जड ग्रह. तोच वायूला ढवळतो. सूर्याला जोडीदार नाही, पण गुरू-शनीमुळे त्याच्याही वाऱ्यात हलकी मळसूत्री नक्षी उमटेल असा त्यांचा होरा आहे. काही अब्ज वर्षांनी.

वेबने एम ५७ च्या बाहेर मंद कमानी मोजल्या, दहाएक, एकीमागे एक, दर २८० वर्षांना एक अशा हिशेबाने. तेजोमेघात एवढ्या ठेक्याने घडणारं दुसरं काही माहीत नाही, म्हणून तिथेही जोडीदार धरला आहे, साधारण सूर्यापासून प्लूटो जितका दूर तितक्या अंतरावर. प्लूटोला एक फेरी मारायला २४८ वर्षं लागतात, तेव्हा आकडा भलतीकडे जात नाही. मी हे मामांना सांगितलं. ते म्हणाले, "मग आधी काय म्हटलं?" आणि गन धुवायला गेले.

इथेही दाखला पुरता नाही. गनची शिंगं हवा मारतात, जोडीदार तारा मुख्यतः वायूला ओढून कक्षेच्या पातळीत जमवतो. पण 'बाजूला कुणीतरी असणार' हे वाक्य मला तरी एकदम चोख वाटतं.

आणि हो, एम ५७ मुळात कडं नाहीच. हबलच्या निरीक्षणांवरून तो पिंपासारखा आहे आणि आपण जवळजवळ त्याच्या तोंडातून आत बघतोय. स्टीलच्या पेल्यात वरून बघा, काठ ठळक दिसतो आणि भिंत दिसत नाही. हाच पेला आडवा दिसला असता तर आपण त्याला दुसरंच नाव दिलं असतं. जंबुक समूहातला डंबेल, एम २७, बघताना मला नेहमी वाटतं की हा तसाच कुणीतरी, कडेने दिसणारा. १७६४ मध्ये मेसियेला सापडलेला हा पहिला ग्रहीय तेजोमेघ. गच्चीवरून फिल्टरशिवाय नुसता धुराचा पुंजका दिसतो, फिल्टर लावला की सफरचंद दोन्ही बाजूंनी खाल्ल्यासारखा. नवख्यांनी सुरुवात इथून करावी, मोठा आहे, चुकत नाही.

मांजराचा डोळा ठाण्यातून त्रासदायक. उत्तर-वायव्येला खाली असतो आणि माझ्याकडे तिथे पाण्याची टाकी. एकदाच टाकीच्या शिडीला रेलून बघितला. हिरवट ठिपका. बस्स.

एकदा युनिटच्या टेम्पोत घालून दुर्बीण शहराच्या उजेडापासून दूर, वांगणीला नेली, अमावास्येच्या शनिवारी. तिथे एम २७ बघून मी गप्प झाले. पण शनी तेजोमेघात फार फरक वाटला नाही, आणि हा मुद्दा महत्त्वाचा आहे. छोटे, तेजस्वी ग्रहीय तेजोमेघ शहरातही तग धरतात. त्यांच्यासाठी पेट्रोल जाळायची गरज नाही. शनी तेजोमेघाचे कान? वांगणीत १५० पटीने एक कान दिसल्यासारखा वाटला. दोन कप चहानंतर तो वाटला नाही.

आता तक्रारी. स्टँड पार्टिकल बोर्डचा आहे. लॅमिनेट लावलंय, पण खालच्या कडा उघड्या. पहिल्या पावसाळ्यात घरात, कपाटाशेजारी ठेवूनही तळ फुगला आणि फिरवताना एका जागी अडकायला लागला. कडांना आल्या आल्या लाकडाचा सीलर मारा, मी पेंटर असून मारला नाही, ही माझी चूक. सोबतच्या दहाच्या आयपीसमधून कडेचे तारे भुईनळ्यासारखे दिसतात; वेगळी आठ मिलिमीटरची घेतली, ती चांगली निघाली. आयपीस आणि फिल्टर हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, नाहीतर ऑगस्टमध्ये बुरशीच्या फांद्या धरतात. मुख्य आरशाला हात लावू नका. धूळ दिसली तरी असू दे, रंगावरची धूळ कपड्याने पुसली की चरे पडतात, आरशाचंही तसंच.

गच्चीच्या किल्लीचा प्रश्न वेगळाच. सेक्रेटरी काकांना आधी लेखी अर्ज हवा होता, 'उपकरणाचा उद्देश' या रकान्यासह. मी 'आकाश' लिहिलं. आता काका स्वतः वर येतात, स्टूल घेऊन, आणि फ्लडलाइटवाल्या टॉवरच्या सेक्रेटरीला फोन करायचं कामही त्यांनी अंगावर घेतलंय. अजून यश नाही.

शेजारची पोरगी यंदा पुन्हा आली. फिल्टर लावलेला एम ५७ तिने बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "मधलं पुसलंय, कडेचं राहिलंय."

सुताराने मरीन प्लायचा नवा स्टँड बेचाळीसशेला सांगितलाय, पॉलिश माझ्याकडचं. जानेवारीअखेर झाला तर मिथुनेतला ग्रहीय तेजोमेघ एनजीसी २३९२ त्याच्यावरूनच बघणार.